राशीच्या आतील ओल : जुनी मोटार, तिचे दोष आणि आपले ईमान

स्तुती त्या अल्लाहची, ज्याने आपल्या दासांसाठी व्यापार वैध ठरविला आणि त्यातील लबाडी निषिद्ध केली. दुरूद व सलाम त्या अंतिम प्रेषितांवर, ज्यांनी नमाजाची सफ जशी सरळ केली तसेच बाजारातील मापही सरळ केले.

बंधु-भगिनींनो, सहीह मुस्लिममध्ये आदरणीय अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका राशीजवळून जात होते. त्यांनी राशीच्या आत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. हे काय, असे विचारताच विक्रेत्याने पावसाने धान्य भिजल्याचे सांगितले. त्यावर प्रेषितांनी त्याला विचारले की, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि जो फसवतो त्याचा माझ्याशी संबंध नाही, असे कठोर शब्दांत बजावले.

या प्रसंगाचा नीट विचार करा. विक्रेत्याने एकही खोटा शब्द उच्चारलेला नव्हता. धान्य भिजले यातही त्याचा अपराध नव्हता. पाऊस अल्लाहच्या हुकमाने पडतो. त्याने केले ते इतकेच की कोरडे दाणे वर राहू दिले आणि ओले खाली. एवढ्यावरच प्रेषितांनी त्याला इतका भयंकर इशारा दिला. म्हणजे मालात दोष असणे हे पाप नाही. तो दोष ठाऊक असूनही ग्राहकाच्या दृष्टीआड ठेवणे हे पाप आहे.

आज आपल्या खान्देशात ही रास पुष्कळदा चार चाकांवर उभी असते. धुळ्याच्या यंत्रमागावर राबणारा कारागीर, भुसावळचा रेल्वे कर्मचारी, सावदा-रावेरकडील केळीचा लहान व्यापारी, जळगावातील शाळामास्तर यांपैकी कोणी वर्षानुवर्षांच्या बचतीतून कुटुंबासाठी गाडी घ्यायचे ठरवतो. नवी गाडी आवाक्याबाहेर असते आणि व्याजाच्या कर्जाला हात लावायचा नसतो. म्हणून तो दोन-तीन मालकांच्या हातून आलेली आल्टो, वॅगनआर, सँट्रो पाहतो. कधी २०१४च्या आरंभी जिचे उत्पादन थांबले ती मारुती ८००देखील पाहतो. वृद्ध आईला डॉक्टरांकडे नेणे, मुलीच्या सासरी जाणे, मालेगावच्या नातलगांकडे जनाज्याला वेळेवर पोचणे, हा त्या गाडीचा उपयोग. तिच्यात घातलेला प्रत्येक रुपया घामाचा असतो. अशा माणसाला ओली रास कोरडी म्हणून विकणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे आपण जाणतो का?

हात आत घालणे हा अविश्वास नव्हे

पहिली गोष्ट खरेदीदारासाठी. आपल्याकडे पुष्कळ लोक संकोचापायी फसतात. विक्रेता आपल्याच मोहल्ल्यातला, मशिदीत शेजारी उभा राहणारा किंवा मेहुण्याच्या ओळखीचा असतो. गाडी बारकाईने पाहिली तर त्याला वाईट वाटेल, असे मनात येते आणि ‘अल्लाह भरोसे’ म्हणून इसार दिला जातो. परंतु ज्यांच्याइतका सद्भाव कोणापाशी नव्हता त्या प्रेषितांनीच राशीत हात घातला होता. तिर्मिजीतील कथनानुसार, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू काय, असे विचारणाऱ्याला त्यांनी आधी उंट बांधण्यास व मग भरवसा ठेवण्यास सांगितले. बैल घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो. जळगावच्या सराफ बाजारात सोने कसाला लावले म्हणून सराफ रागावत नाही. मग गाडीच्याच बाबतीत लाज का वाटावी?

तेव्हा या राशीत हात कोठे घालावा, हे थोडे तपशिलाने पाहू.

गाडी दिवसाच्या उजेडात पाहावी, रात्रीच्या दिव्याखाली नव्हे, आणि नुकतीच धुतलेली असताना तर नव्हेच. दरवाजाचा खालचा काठ, डिकीत स्टेपनी ठेवण्याची खोबण, बॅटरीखालचा पत्रा आणि पायांखालच्या मॅटखालची जमीन येथे गंज प्रथम धरतो. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही तेथे रंगाखाली पुट्टी भरलेली असण्याचा संभव असतो. बोनेट व दरवाजे यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत काय, त्यांच्या बोल्टवरील रंग पाना लावून उडाला आहे काय, बोनेटखालच्या पत्र्यावर व खांबांवर नव्या वेल्डिंगच्या खुणा आहेत काय, हे पाहावे. किरकोळ ओरखडा बुजविणे आणि मोठ्या अपघातात वाकलेला सांगाडा सरळ करून विकणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. आपण पोचण्याआधीच मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल तर पुन्हा थंड होईपर्यंत थांबावे, कारण अनेक दोष गरम इंजिन लपविते. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत निघत असेल तर इंजिन ऑइल खात आहे. काळा धूर असेल तर इंधन पुरते जळत नाही. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल तर शीतकाचे पाणी आत शिरत असावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसणे, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसणे ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे असू शकतात. मात्र इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पुण्यात निभावून जाणारा कमजोर रेडिएटर आणि बंद पडणारा पंखा भुसावळच्या उन्हात निभावणार नाही. म्हणून एसी चालू ठेवून गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालवावी आणि तापमानाच्या काट्यावर किंवा दिव्यावर लक्ष ठेवावे.

चालविताना कानांचा उपयोग करावा. स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश पुढे जाताना पुढील चाकाकडून ‘कट्-कट्’ आवाज आला तर धुरीचा सांधा झिजलेला आहे. खड्ड्यातून जाताना ठोका बसला तर शॉकअप किंवा खालच्या आर्मचे बुश गेले असतील. वेगाबरोबर वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असू शकते. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, तेव्हा क्लचप्लेट घसरत आहे असे समजावे. धुळ्याजवळचा लळिंग घाट किंवा चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा घाट ज्याने पाहिला आहे, त्याला क्लच आणि ब्रेक यांचे मोल सांगावे लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते काय ते पाहावे. हँडब्रेक चढावर गाडी धरून ठेवतो काय, हेही पाहावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली दिसत असूनही टायर सात-आठ वर्षांचा असेल तर उन्हाळ्यात महामार्गावर तो फुटण्याची भीती असते. एकाच बाजूने झिजलेला टायर चाकांच्या जुळणीतील किंवा सांगाड्यातील बिघाड सांगतो.

पुरात बुडालेल्या गाडीविषयी खान्देशाने विशेष सावध असावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत आणि ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेत हाहाकार झाला. सुरत बुडविणारी ती तापी तीच, जी आपल्या भुसावळजवळून वाहत जाते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात भेटतात. दोन्ही महानगरांतील जुन्या गाड्या येथवर येणे अवघड नाही. पुराच्या घटना पुढेही घडतच राहतात. सीट सरकविण्याच्या पट्ट्यांवरील गंज, गालिच्याखालचा सुकलेला चिखल, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारा मातीचा डाग, दिव्यांच्या काचेआड धुके आणि अत्तराच्या वासाखाली दबलेला कुबट वास ही तिची चिन्हे होत. अशा गाडीच्या वायरिंगचा भरवसा धरता येत नाही.

गॅसवर चालणाऱ्या गाडीत सीएनजीच्या टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी व्हावी लागते. तिचे प्रमाणपत्र मागावे. किट बाहेरून बसविलेले असेल तर त्याची नोंद आरसी बुकात आहे काय ते पाहावे.

हे सर्व प्रत्येकाला जमेलच असे नाही. अशा माणसासाठीही सुन्नतमध्ये मार्ग आहे. व्यवहारात वारंवार फसणाऱ्या एका सहाबींना प्रेषितांनी शिकविले की, सौदा करताना ‘फसवणूक नको’ असे स्पष्ट म्हणत जा. हा प्रसंग बुखारीत आला आहे. आपणही विक्रेत्याला सरळ म्हणावे, “भाईसाहेब, मला गाडीतले कळत नाही. जे असेल ते अल्लाहला साक्षी ठेवून सांगा.” आणि त्यानंतरही एखाद्या जाणत्या मिस्त्रीला, त्याची मजुरी देऊन, सोबत न्यावे.

बांधलेले सड

आता विक्रेत्याकडे वळू. विक्रीपूर्वी उंटीण किंवा शेळी-मेंढीचे दूध न काढता तिचे सड बांधून ठेवण्यास प्रेषितांनी मनाई केली. दूध साठून कास फुगते आणि जनावर खूप दुभते आहे असे ग्राहकाला वाटते. अशा फसलेल्या ग्राहकाला तीन दिवसांची मुभा दिली गेली. हवे तर जनावर ठेवावे, नको असेल तर परत करावे आणि काढलेल्या दुधाबद्दल एक साअ खजूर द्यावेत. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत या मनाईचा उल्लेख आहे. आपल्या बाजारातही दोन वेळा न पिळता उभी केलेली म्हैस कोणी पाहिली नाही?

गाडीचे मीटर मागे फिरविणे हे याच जातीचे कृत्य आहे. लाखावर किलोमीटर धावलेली गाडी चाळीस हजारांची म्हणून उभी केली जाते. क्लच व ब्रेकच्या पायपट्ट्यांचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्या खरे बोलतात, पण मीटर खोटे बोलते. धूर दिसू नये म्हणून विक्रीपुरते घट्ट ऑइल भरणे, आवाज येऊ नये म्हणून गिअरबॉक्समध्ये भलतेच काही घालणे, इंजिनाचा इशारा देणाऱ्या दिव्याची वायर काढून ठेवणे, गंजावर पुट्टी मारून चकचकीत रंग देणे, हे सर्व सड बांधणेच होय. येथे तोंडाने खोटे बोलण्याचीही गरज पडत नाही. वस्तूलाच खोटे बोलायला लावले जाते.

कोणी म्हणेल, बाजारात सगळेच असे करतात. शुऐब (अलै.) यांच्या समुदायातही हे सर्रास चालत असे. तरी त्या प्रेषितांनी एकेश्वरत्वाच्या आवाहनाबरोबरच माप पुरते देण्याचे आणि लोकांच्या वस्तूंत घट न करण्याचे आवाहन केले, हे सूरह अल्-आराफ आणि सूरह हूद यांत वाचावयास मिळते. प्रथा सार्वत्रिक झाली म्हणून शिक्षा टळली नाही.

आणि हा नियम केवळ मुसलमान ग्राहकासाठी आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. ओल्या राशीचा ग्राहक कोण होता हे त्या कथनात सांगितलेले नाही. तो बाजारातून जाणारा कोणीही असू शकला असता. गाडी घेणारा आपला हिंदू शेजारी असो, आदिवासी शेतकरी असो की परगावचा अनोळखी माणूस असो, त्याचा हक्क तितकाच आहे. उलट त्याला फसविले तर एका पापाला दुसरे जोडले जाते. तो घरी जाऊन मुसलमानांविषयी आणि त्यांच्या धर्माविषयी काय म्हणेल?

उंटिणीच्या तळव्यातील भोक

सौद्यात दोनच माणसे नसतात. मध्ये दलाल असतो, बाजूला मिस्त्री असतो, टपरीवर बसलेला ओळखीचा असतो. आदरणीय वासिला बिन असकअ (रजि.) यांचा प्रसंग या सर्वांसाठी आहे. एका माणसाने उंटीण विकत घेतली आणि तो निघाला. वासिला (रजि.) घाईने त्याच्या मागे गेले आणि त्यांनी विचारले की, ही मांसासाठी घेतलीस की प्रवासासाठी? त्याने हजला जाण्यासाठी घेतल्याचे सांगितले. तेव्हा त्यांनी दाखवून दिले की, तिच्या पायाच्या तळव्याला भोक आहे. विक्रेता चिडला, माझा सौदा का मोडता, म्हणून तक्रार करू लागला. त्यावर वासिला (रजि.) यांनी प्रेषितांची शिकवण ऐकविली, तिचा आशय असा : मालातील दोष न सांगता विकणे विक्रेत्याला वैध नाही, आणि ज्याला तो दोष ठाऊक आहे त्यालाही गप्प राहणे वैध नाही. इमाम अहमद यांनी आपल्या संग्रहात हे नोंदविले आहे.

त्यांचा प्रश्न किती मार्मिक आहे! मांसासाठी घेतली असती तर तळव्याच्या भोकाने काही बिघडले नसते. लांबच्या प्रवासासाठी मात्र तो जीवघेणा दोष होता. मिस्त्रीनेही असेच विचारावे. गाडी गावातल्या गावात चालवायची आहे की लहान मुलांना घेऊन घाट चढायचा आहे? जे गाव-बाजारापुरते खपेल ते महामार्गावर खपणार नाही.

गॅरेजवाल्या बंधूंनो, तुमच्या हाती मोठी अमानत आहे. विक्रेत्याकडून दोन हजार रुपये घेऊन ‘इंजिन एकदम ओके’ म्हणणे ही साक्ष आहे, आणि खोटी साक्ष मोठ्या पापांपैकी एक आहे. ब्रेकचे पाणी गळत असल्याचे, स्टिअरिंगचा सांधा खिळखिळा झाल्याचे तुम्हाला दिसले आणि तुम्ही गप्प राहिलात, तर त्या गाडीत कोण बसणार आहे याचा विचार करा. एका जिवाला वाचविणे म्हणजे जणू सर्व मानवजातीला वाचविणे, हा सूरह अल्-माइदामधील आशय आपण व्याख्यानांत वारंवार ऐकतो. तुमच्या पान्याच्या टोकाशी तो प्रत्यक्ष उभा असतो.

दलालाची कमाई निषिद्ध नाही. श्रमाचा मोबदला ठरवून घ्यावा. परंतु खोटा ग्राहक उभा करून भाव चढविण्यास प्रेषितांनी स्पष्ट मनाई केली आहे. शपथा वाहून माल खपतो, पण बरकत पुसली जाते, असेही त्यांनी सांगितले आहे. ‘अल्लाहची शपथ, काल एकाने याचे दहा हजार जास्त दिले होते’ हे वाक्य ज्याच्या जिभेवर सहज येते, त्याने आपल्या घरातील बरकत कोठे गेली हे दुसरीकडे शोधू नये.

‘जशी आहे तशी’

बरेच विक्रेते म्हणतात, “मी गाडी ‘जशी आहे तशी’ विकली, आता माझी जबाबदारी नाही.” हनफी फकीहांनी अशी अट घालून केलेला सौदा कायद्याने ग्राह्य मानला आहे, हे खरे. इतर इमामांनी यात अधिक बंधने घातली आहेत. पण मुअत्तात आलेला आदरणीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचा प्रसंग पाहा. त्यांनी कोणत्याही दोषाची जबाबदारी न घेण्याच्या अटीवर एक गुलाम आठशे दिरहमला विकला. खरेदीदाराने नंतर त्याच्या आजाराची तक्रार खलीफा उस्मान (रजि.) यांच्याकडे नेली. खलीफांनी निर्णय दिला की, विकतेवेळी आपल्याला आजार ठाऊक नव्हता अशी शपथ इब्न उमर यांनी घ्यावी. त्यांनी शपथ घेण्याचे नाकारले आणि गुलाम परत घेतला. पुढे तो बरा झाला आणि पंधराशे दिरहमला विकला गेला.

यावरून ‘जशी आहे तशी’ या शब्दांची मर्यादा कळते. जे मला ठाऊकच नाही त्याची हमी मी देत नाही, इतकाच त्याचा प्रामाणिक अर्थ होतो. जे ठाऊक आहे ते झाकण्यासाठी या शब्दांचे पांघरूण घेणे म्हणजे ईश्वराशी वकिली करणे होय. विक्रेत्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मला या गाडीबद्दल काहीही वाईट ठाऊक नाही, अशी शपथ मी घेऊ शकेन काय?

अशी अट नसेल आणि जुना दोष नंतर उघड झाला, तर शरीअतने ग्राहकाला परत करण्याचा अधिकार दिला आहे. त्याला ‘खियारे ऐब’ म्हणतात. हनफी मतानुसार त्याने गाडी परत करून पूर्ण किंमत घ्यावी किंवा पूर्ण किमतीत ठेवून घ्यावी. भाव कमी करून ठेवणे दोघांच्या राजीखुशीने होते. मध्यंतरी ग्राहकाच्या हातून नवा बिघाड झाला असेल तर परत करण्याऐवजी नुकसानीपुरती रक्कम मागता येते. मात्र दोष कळूनही जो गाडी खुशाल वापरीत राहतो, तो त्या दोषाला राजी झाला असे समजले जाते. म्हणून दोष दिसताच तिचा वापर थांबवावा आणि विक्रेत्याला कळवावे. वाद असेल तर जाणत्या आलिमाकडे दोघांनी मिळून जावे.

खरेदीदाराची तराजू

सूरह अल्-मुतफ्फिफीन ज्यांच्या विनाशाची घोषणा करते ते लोक स्वतः घेताना पुरेपूर घेतात आणि देताना कमी देतात. तेव्हा खरेदीदारानेही आपली तराजू पाहावी. चांगल्या गाडीत नसलेले दोष काढणे, आपल्या मिस्त्रीला आधीच पढवून ‘इंजिन खोलावे लागेल’ असे म्हणायला लावणे हीसुद्धा फसवणूकच आहे. पतीच्या निधनानंतर एखादी विधवा भगिनी दारातली गाडी विकायला काढते. तिला बाजारभाव ठाऊक नसतो, इद्दतीत ती घराबाहेर पडत नाही. अशा वेळी निम्म्या भावात गाडी उचलून ‘सौदा छान झाला’ म्हणणाऱ्याने आदरणीय जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची आठवण करावी. त्यांनी प्रेषितांच्या हाती प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची शपथ घेतली होती. तबरानी यांनी नोंदविले आहे की, त्यांच्या माणसाने तीनशे दिरहमला एक घोडा ठरविला, जरीर (रजि.) यांनी घोडा पाहिला आणि मालकाला सांगितले की, याची किंमत जास्त आहे. असे करीत त्यांनी स्वतःच भाव आठशेपर्यंत चढविला आणि तितके देऊन घोडा घेतला.

लेख आणि साक्षी

व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार करा, लेखकाला व साक्षीदाराला त्रास देऊ नका, अशी शिकवण सूरह अल्-बकराच्या २८२व्या आयतीत आहे. अद्दा बिन खालिद (रजि.) यांच्याशी झालेल्या सौद्याचा प्रेषितांचा लेख तिर्मिजीत आला आहे, त्यात मालात आजार नाही, लबाडी नाही, हे नमूद होते. गाडीच्या विक्रीपत्रातही ठाऊक असलेले दोष, झालेले अपघात आणि बदललेले भाग दोन ओळींत लिहिले तर किती भांडणे टळतील!

कागदांची तपासणी याच शिकवणीचा भाग आहे. चासी व इंजिन क्रमांक आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहावेत. बँकेचा बोजा असेल तर तो फेडल्याचे पत्र व फॉर्म ३५ घ्यावा. बोजा लपवून गाडी विकणे म्हणजे दुसऱ्याच्या हक्काची वस्तू विकणे. थकलेली चलाने व विमा एम-परिवहन ॲपवर पाहता येतात. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. परराज्यातील गाडीसाठी ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतर कळवावयाचे असते. पुष्कळ गाड्या एमएच १८ व एमएच १९च्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे पहिल्याच मालकाच्या नावाने धावतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते. म्हणजे नाव न बदलणारा खरेदीदार आपल्या अपराधाचे ओझे दुसऱ्याच्या मानेवर ठेवतो. कोणाला नुकसान पोचवू नये, या मूलभूत नियमाचा हा भंग आहे.

ओली रास पुढे ढकलू नका

सर्वांत कठीण परीक्षा त्याची, जो स्वतः फसला आहे. बचत बुडालेली, गाडी दाराशी बंद, विक्रेता फोन उचलीत नाही. अशा वेळी सैतान कानात सांगतो : तूही रंग मार आणि दुसऱ्याच्या गळ्यात घाल, तू तर फक्त आपले पैसे वसूल करीत आहेस. बंधूंनो, दुसऱ्या ग्राहकाने तुमचे काही घेतलेले नाही. ज्याने फसविले त्याच्याकडून हक्क मागा, पंच बसवा, कायद्याचा आधार घ्या. पण जुलूम पुढच्या माणसाकडे सरकवून आपला हक्क वसूल होत नाही. दोष सांगून विकली तर वीस-तीस हजार कमी येतील. तितकी रक्कम अल्लाहसाठी सोडली असे समजा. खरेदी-विक्री करणारे दोघे खरे बोलले आणि दोष उघड केला तर सौद्यात बरकत दिली जाते, लपविले तर ती पुसली जाते, हे प्रेषितांचे वचन बुखारी व मुस्लिम दोघांनी नोंदविले आहे.

ज्यांच्या हातून पूर्वी अशी विक्री झाली आहे त्यांच्यासाठीही दार बंद नाही. मात्र दासाचा हक्क केवळ इस्तिगफारने फिटत नाही. त्या ग्राहकाला शोधावे, दोष सांगावा, रक्कम परत करावी किंवा त्याची माफी मिळवावी. येथे दहा हजार परत करणे जड वाटेल. परलोकात दिनार-दिरहम चालणार नाहीत. तेथे पुण्य द्यावे लागेल, आणि पुण्य संपले तर त्याची पापे आपल्या खात्यावर येतील.

हे अल्लाह! आमच्या कमाईला हलाल कर. आमच्या जिभांना खरेपणा दे आणि आमच्या व्यवहारांत बरकत घाल. आमच्या गाड्यांत बसणाऱ्या आमच्या आया, लेकी आणि लेकरे यांना तुझ्या संरक्षणात ठेव, आणि आम्ही विकलेल्या गाड्यांत बसणाऱ्यांनाही. जे आम्ही लोकांपासून झाकतो ते तुझ्यापासून झाकलेले नाही, ही जाणीव आमच्या अंतःकरणात जागी ठेव. आमीन.